रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनचं घराणं: छापील वंशावळीवर किती विसंबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६७४ साली शिवराज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन हा इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या जमीनदार घराण्यातला. विचारणाऱ्यांना एका जुन्या ग्रंथात या घराण्याची वंशावळ सापडली आणि ती थेट चौदाव्या शतकात जाऊन पोहोचते. ती खरी धरावी का, हेन्री तिच्यात नेमका कुठे बसतो आणि हे सगळं भारतात बसून पडताळता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. इंग्लंडातल्या दफ्तरखान्यांतून अशाच घराण्यांचे कागद लावण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. केंटमध्ये तर पुष्कळ वेळ गेला आहे. म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ. एखादी वंशावळ खरी की खोटी, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यात पंधरा-वीस नावं असतात आणि दर दोन नावांच्या मध्ये एक रेघ असते. ती रेघ म्हणजे 'हा त्याचा मुलगा' असं एक विधान. काही रेघा पक्क्या असतात, काही अंदाजाच्या, आणि एखादी केवळ वरचं मोठं नाव खालच्या घराला जोडावं म्हणून ओढलेली. तपासायची ती एकेक रेघ. अमका अमक्याचा मुलगा हे सांगणारा कागद कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला आणि कशासाठी लिहिला? या तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. मानासाठी लिहिलेला कागद आणि जमिनीसाठी किंवा पैशासाठी लिहिलेला कागद, या दोहोंची किंमत सारखी नाही. भाटानं म्हटलेली वंशावळ आणि वतनाच्या तंट्यात गोतापुढे झालेला महजर यांत जो फरक, तोच इथेही आहे. महजरात खोटं बोललं की समोरचा भाऊबंद ताबडतोब उठून उभा राहतो.

छापील वंशावळी बहुतेक मानाच्या बाजूच्या असतात. त्या कशा तयार झाल्या ते पाहू. १५३० पासून १६८८ पर्यंत राजाचे हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, परगण्यापरगण्यांतून फिरत आणि कोणाला कुलचिन्ह वापरायचा अधिकार आहे याची तपासणी करत. या फेऱ्यांना 'व्हिजिटेशन' म्हणतात. केंटमध्ये त्या १५३०-३१, १५७४, १५९२, १६१९-२१ आणि १६६३-६८ अशा झाल्या. हेरल्ड एखाद्या गावी मुक्काम करी, आसपासच्या जंटलमन लोकांना बोलावणं जाई, ते येऊन आपली वंशावळ सांगत आणि खाली सही करत. माणूस स्वतःच्या आजोबांपर्यंतचं सहसा बरोबर सांगतो. भावंडं, बायकांची माहेरं, मुलांची वयं हेही बरोबर असतं, कारण ती माणसं समोर वावरत असतात. त्याच्या वरचं मात्र घरात चालत आलेलं ऐकीव. म्हणून व्हिजिटेशनच्या वंशावळीतल्या खालच्या तीन पिढ्या मी मोलाच्या धरते. त्याच्या वर प्रत्येक पायरीला पुरावा शोधते. या वंशावळी हार्लियन सोसायटीनं छापल्या आहेत. तिची स्थापना १८६९ ची, त्यामुळे बरेच खंड हक्कमुक्त होऊन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. एक काळजी घ्या. छापील खंडांत पुष्कळदा मूळ सहीची प्रत नसते, नंतर कोणी नकल करताना वर-खाली पिढ्या जोडलेल्या असतात. खंडाची प्रस्तावना वाचल्याशिवाय आतल्या वंशावळीला हात लावू नका.

पुढे १८३० च्या दशकात जॉन बर्क यांनी बिगर-सरदार जमीनदारांच्या वंशावळी छापायला सुरुवात केली. आज 'बर्क्स लँडेड जेंट्री' म्हणतात ती मालिका तिथून निघाली. तिच्यातली माहिती घराण्यांनीच पुरवलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड फ्रीमन आणि होरेस राउंड या इतिहासकारांनी त्यातल्या अकराव्या शतकात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांपर्यंत जाणाऱ्या कित्येक वंशावळी उघड्या पाडल्या. नंतरच्या आवृत्त्यांतून अशा पुष्कळ कथा गळाल्या. त्यामुळे बर्क वापरायचा असेल तर एकच आवृत्ती पाहू नये. जुनी आणि नवी शेजारी ठेवली की कुठली पिढी गुपचूप नाहीशी झाली ते लगेच दिसतं, आणि शंका नेमकी कुठे घ्यायची ते कळतं.

केंटबद्दल विशेष सावध राहायला हवं, कारण इथे खुद्द मूळ कागदांतच लबाडी झालेली आहे. सर एडवर्ड डेरिंग (१५९८-१६४४) हे केंटमधले मोठे जमीनदार आणि जुन्या कागदपत्रांचे थोर संग्राहक. आपलं घराणं सॅक्सन काळापासूनचं आहे हे दाखवण्याचा त्यांना ध्यास होता. त्यांनी प्लकली गावच्या चर्चमध्ये पूर्वजांच्या नावानं जुन्या धाटणीचे पितळी स्मृतिपट बसवले. तेराव्या शतकातला ढालींच्या चित्रांचा एक मोलाचा पट त्यांच्याकडे होता, त्यातल्या एका ढालीत फेरफार करून आपल्या एका कल्पित पूर्वजाचं नाव घातलं. हा 'डेरिंग रोल' आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तेव्हा चर्चमधला पितळी पट पाहिला, त्यावर जुनं साल आहे, म्हणून तो त्या सालचाच, असं धरू नये. पट कधी बसवला, अक्षरांची घडण कुठल्या काळची, चिलखत कुठल्या काळचं, हे जाणकाराला विचारावं.

आता तुमच्या ऑक्झेंडनांकडे येऊ. केंटचा अठराव्या शतकातला इतिहासकार एडवर्ड हेस्टेड याच्या ग्रंथात या घराण्याची वंशावळ तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या सॉलोमन ऑक्झेंडनपासून सुरू होते. तुम्हाला मिळालेली वंशावळ बहुधा त्यावरच बेतलेली असावी. त्याच काळात रिचर्ड ऑक्झेंडन नावाचा माणूस कँटरबरीच्या क्राइस्ट चर्च मठाचा प्रायर, म्हणजे मठप्रमुख, होता, १३३१ ते १३३८. मठाच्या नोंदींत तो पक्का आहे. हेस्टेड त्याला सॉलोमनचा जवळचा नातलग म्हणतो. असे शब्द दिसले की मी थांबते. भाऊ, मुलगा, पुतण्या असं काहीच न सांगता जवळचा नातलग म्हणणं, याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या हातात नावाच्या सारखेपणापलीकडे फारसं काही नव्हतं असा मी घेते. त्या काळात आडनावं गावांच्या, वस्त्यांच्या नावांवरून पडत. एकाच वस्तीतून निघालेली, एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली दोन कुटुंबं एकच आडनाव लावत असू शकत. प्रायर रिचर्डला वंशावळीच्या शेजारी टिपून ठेवा, पण रेघ ओढू नका. रेघ ओढायची तर दोघांना एकाच जमिनीच्या व्यवहारात, नात्याच्या उल्लेखासह, दाखवणारा त्या काळचा दस्तऐवज हवा.

चौदाव्या-पंधराव्या शतकातली रेघ कशी सिद्ध होते? सगळ्यांत चांगला कागद म्हणजे 'इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम'. थेट राजाकडून जमीन धारण करणारा मेला की राजाचा अधिकारी स्थानिक पंच बसवून चौकशी करी: मृत्यू कधी झाला, जमिनी कोणत्या, वारस कोण, त्याचं वय किती. वारस अज्ञान असेल तर त्याचं पालकत्व आणि जमिनीचं उत्पन्न राजाच्या हाती जाई. इतका पैसा गुंतलेला, त्यामुळे नोंद काळजीपूर्वक होई. तेराव्या शतकाच्या मध्यापासून १६४० च्या दशकापर्यंत या चौकश्या चालल्या आणि १६६० मध्ये ती जमीनधारणेची पद्धतच कायद्यानं संपली. मूळ लॅटिन कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. मोठ्या भागाचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत. दोन मर्यादा मात्र लक्षात घ्या. राजाऐवजी दुसऱ्या कुणा सरदाराकडून किंवा मठाकडून जमीन असेल तर ही चौकशी होत नसे. आणि वारस '२१ वर्षांचा आणि अधिक' असं लिहिलं असेल तर तो चाळीशीचाही असू शकतो, सज्ञान आहे एवढंच पंचांना सांगायचं होतं.

आणखी एक गोष्ट फक्त केंटची. इंग्लंडात जमीन थोरल्या मुलाला जाते असं आपण सरसकट वाचतो. केंटमध्ये 'गॅव्हलकाइंड' नावाचा जुना रिवाज होता आणि तो कायद्यानं १९२५ पर्यंत टिकला. वडील मृत्युपत्र न करता गेले तर जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. सोळाव्या शतकात बऱ्याच मोठ्या जमीनदारांनी पार्लमेंटकडून खास कायदे करून आपल्या जमिनी या रिवाजातून सोडवून घेतल्या. तरीही केंटमधल्या एखाद्या माणसाकडे बापाची सगळी जमीन दिसली नाही, तर तो धाकटा होता किंवा बाप नाराज होता असा निष्कर्ष काढू नका. आधी जमीन कुठल्या पद्धतीची होती ते पाहा. दुसऱ्या परगण्यात चालणारा तर्क इथे फसतो.

सोळाव्या शतकापासून पुढे काम सोपं होतं, कारण दोन मोठे साठे हाताशी येतात. पहिला पॅरिश रजिस्टरांचा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. थॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या हुकुमानं प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची होती. १५९८ पासून जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायच्या आणि दरवर्षी एक नकल बिशपकडे पाठवायची, असा नियम झाला. म्हणून मूळ रजिस्टर फाटलं, भिजलं तरी बिशपकडची नकल कधी कधी वाचवते. सुरतेच्या वखारीचे प्रमुख आणि कंपनीच्या ताब्यातल्या मुंबईचे पहिले गव्हर्नर सर जॉर्ज ऑक्झेंडन याच घराण्यातले. त्यांचा बाप्तिस्मा केंटमधल्या विंगम गावी ६ एप्रिल १६२० रोजी झाला. घराण्याचं मुख्य ठिकाण डीन, ते विंगमच्याच पॅरिशमध्ये. मात्र हेन्रीच्या पिढीचा जन्मकाळ येतो तो १६४० च्या दशकात, म्हणजे यादवी युद्धाच्या धामधुमीत. १६४० ते १६६० या वीस वर्षांत देशभर रजिस्टरं विस्कळीत झाली, पाद्री बदलले, पानं कोरी राहिली. त्या काळातली नोंद मिळाली नाही म्हणून माणूस तिथला नव्हता असं होत नाही.

दुसरा साठा मृत्युपत्रांचा, आणि जमीनदार घराण्यासाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असणाऱ्यांचं मृत्युपत्र कँटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह कोर्टात सिद्ध होई. परदेशी मेलेल्यांचीही पुष्कळ तिथेच येत. १३८४ पासून १८५८ पर्यंतच्या या नोंदी नॅशनल अर्काइव्हजच्या 'प्रॉब ११' या मालिकेत आहेत आणि घरबसल्या उतरवून घेता येतात. मृत्युपत्रं इंग्रजीत असतात, फक्त शेवटची सिद्धतेची नोंद १७३३ पर्यंत बहुतांश लॅटिनमध्ये. अक्षर वळणदार, पण सरावानं लागतं.

मृत्युपत्र वाचताना मी काही गोष्टी कायम तपासते. थोरल्या मुलाचं नाव नसेल किंवा त्याला नुसती अंगठी दिली असेल, तर तो मेला किंवा बापाशी भांडला असं समजू नये. त्याच्या लग्नाच्या वेळीच जमीन करारानं त्याच्या नावे बांधून दिलेली असे, त्यामुळे मृत्युपत्रात उरलेल्यांची सोय तेवढी असते. नात्याचे शब्दही सैल आहेत. 'कझिन' म्हणजे कुठलाही नातलग, क्वचित पुतणीसुद्धा. 'सन-इन-लॉ' हा सावत्र मुलगा असू शकतो, 'ब्रदर' हा मेहुणा. नावामागचं 'ज्युनियर' बाप-लेकांसाठीच असतं असं नाही, एका गावातल्या थोरल्या-धाकट्या नावबंधूंसाठीही ते वापरत. आणि 'मिसेस' लिहिलेली बाई लग्न झालेलीच असेल असं नाही, ती फक्त घरंदाज आहे एवढं त्यातून कळतं. म्हणून मी एकट्या मृत्युपत्रावर नातं ठरवत नाही. त्या माणसाचं, त्याच्या बायकोचं, अविवाहित बहिणीचं आणि निपुत्रिक काकाचं, अशी चारही वाचते. निपुत्रिक काका आणि अविवाहित आत्या यांची मृत्युपत्रं तर खजिनाच, कारण ती भावंडांच्या मुलांना एकेक करून नावानं काहीतरी देऊन जातात.

यावर हेन्रीची ओळख पटवता येईल. अडचण अशी की या घराण्यात त्या शतकात हेन्री पुष्कळ आहेत. केंटमधल्याच बॅरम गावचा हेन्री ऑक्झिंडन (१६०८-१६७०) हा लॅटिन कविता करणारा, भरपूर पत्रं लिहिणारा गृहस्थ. त्याची पत्रं जपली गेली आणि छापलीही गेली. त्याचं दुसरं लग्न एका योमन, म्हणजे सधन शेतकऱ्याच्या मुलीशी झालं, आणि जंटलमन व शेतकरी यांच्यातली सीमा त्या काळी किती नाजूक होती ते त्याच्या पत्रांतून फार जिवंतपणे कळतं. त्याचा सख्खा चुलतभाऊ डीनचा सर हेन्री, १६७८ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेनं चालणारी 'सर' ही पदवी) झाला, १६८६ मध्ये वारला. दोघांचे आजोबाही हेन्रीच. शिवाय रायगडावर आलेला हेन्री वेगळाच. बॅरमचा हेन्री राज्याभिषेकाआधी चार वर्षं वारला होता, तरी हौशी वंशावळींत या हेन्रींची गल्लत सर्रास दिसते.

छापील बॅरोनेट-वंशावळी आपल्या हेन्रीला सर हेन्रीचा मुलगा, सर जॉर्जचा पुतण्या आणि पुढे तिसरा बॅरोनेट, मृत्यू १७०९, असं मांडतात. याला निष्कर्ष न मानता गृहीतक माना आणि तपासा. क्रम असा ठेवा: सर जॉर्जचे मृत्युपत्र व कौटुंबिक पत्रव्यवहार, मग पहिल्या बॅरोनेटचं मृत्युपत्र, मग १७०८ मध्ये वारलेल्या दुसऱ्या बॅरोनेटचं, मग खुद्द तिसऱ्याचं. यांपैकी कुठेही मुंबईच्या नोकरीचा, सुरतेतल्या देण्याघेण्याचा किंवा कंपनीतल्या रकमेचा उल्लेख त्याच हेन्रीशी जोडलेला मिळाला, तर दुवा पक्का. त्याच्या जोडीला कंपनीच्या पत्रांवरची सही आणि इंग्लंडात परतल्यावर केलेल्या एखाद्या दस्तावरची सही शेजारी ठेवून पाहावी. नाव सारखं असलं तरी हात सारखा नसतो.

बॅरोनेटांच्या यादीबद्दल एक सूचना इथेच देते. १६७८ पासून १९२४ मध्ये पदवी संपेपर्यंत ऑक्झेंडन बॅरोनेट दहा झाले. नवखा माणूस त्यांना दहा पिढ्या समजतो. तसं नाही. दुसऱ्यानंतर पदवी भावाकडे गेली आणि तिसऱ्यानंतर पुतण्याकडे. हा पुतण्या ज्याचा मुलगा, तो जॉर्ज ऑक्झेंडन केंब्रिजला कायद्याचा प्राध्यापक आणि ट्रिनिटी हॉलचा मास्टर होता. एक भाऊ घरी जमिनीवर, एक पूर्वेकडे व्यापारात, एक विद्यापीठात: जमीनदारांची धाकटी मुलं अशीच पांगत. त्यांना शोधायला ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या माजी विद्यार्थ्यांच्या छापील सूच्या, लंडनच्या वकिली संस्थांच्या प्रवेश-नोंदी आणि पाद्र्यांच्या नेमणुकांच्या नोंदी पाहाव्या. विद्यापीठाच्या प्रवेश-नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव असतं, आणि ती त्याच वेळी झालेली असते. वंशावळीत एखादा धाकटा मुलगा नुसत्या नावानं लटकत असेल तर तो पुष्कळदा तिथे सापडतो.

बायकांच्या बाजूनं पाहायला विसरू नका. सर जॉर्जची बहीण ॲन हिचं लग्न ईस्ट लँग्डनच्या रिचर्ड मास्टरशी झालं. तिचा मुलगा स्ट्रेनशॅम मास्टर कोवळ्या वयात मामाबरोबर सुरतेला आला. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखार राखून बसलेला मामा होता, आणि ऑक्टोबर १६७० च्या दुसऱ्या स्वारीत वखार राखायला पाठवला गेला तो भाचा. आपल्या इतिहासात वेगवेगळी म्हणून भेटणारी ही नावं एकाच घरातली आहेत, हे फक्त पुरुषांच्या रेघेवर चाललात तर कधीच दिसणार नाही. कंपनीत शिफारस नात्यानं मिळे, त्यामुळे सुरतेच्या वखारीतल्या केंटच्या प्रत्येक आडनावाची सासर-माहेरं तपासण्यासारखी आहेत.

आडनावही नेहमी रक्तानं चालत नाही. बॅरमजवळचा ब्रूम पार्क हा वाडा डिक्सवेल घराण्याचा. शेवटचा सर बेसिल डिक्सवेल १७५० मध्ये निपुत्रिक वारला, त्यानं मालमत्ता जॉर्ज ऑक्झेंडन नावाच्या नातलगाला ठेवली, पण डिक्सवेल हे नाव आणि कुलचिन्ह लावण्याच्या अटीवर. जॉर्जनं ती अट पाळली, तोही १७५३ मध्ये अविवाहित वारला आणि वाडा त्याच्या ऑक्झेंडन वडिलांकडे आला. पुढे १९११ मध्ये तो लॉर्ड किचनर यांनी घेतला, हिंदुस्थानचे सरसेनापती होते तेच. अशा अटी जमीनदारांच्या मृत्युपत्रांत फार आढळतात. आडनाव मध्येच बदललं किंवा दुहेरी झालं की त्या सालाच्या आसपास एखादं मृत्युपत्र, पार्लमेंटचा खासगी कायदा किंवा राजाचा परवाना शोधावा. कुलचिन्हाचंही तसंच आहे. ऑक्झेंडनांच्या ढालीवर तीन काळे बैल आहेत, पण ते चिन्ह वापरणारा प्रत्येक जण त्याच रक्ताचा हे त्यातून सिद्ध होत नाही.

तारखांबद्दल एवढंच, पण हे पक्कं लक्षात ठेवा. १७५२ पूर्वी इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. सर जॉर्जचा बाप्तिस्मा ६ एप्रिल १६२० म्हणून सरळ वाचता येतो. तोच २० मार्चला झाला असता तर रजिस्टरात १६१९ दिसलं असतं. जानेवारी ते मार्चच्या नोंदींना १६१९/२० असं दुहेरी साल लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर आईच्या लग्नाआधी मूल जन्मल्यासारखं दिसेल. इंग्रजांची पत्रं ज्युलियन पंचांगातली. आपण पाळतो ती ६ जून १६७४ ही तारीखही त्याच पंचांगातली आहे, आजच्या गणनेनं ती १६ जून. पोर्तुगीज कागदांशी मेळ घालताना हे दहा दिवस धरावे लागतात.

भारतातून काय करता येईल? पुष्कळ. हेस्टेडचा ग्रंथ 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन'वर आहे. केंट आर्किऑलॉजिकल सोसायटीचं १८५८ पासूनचं नियतकालिक आणि चर्चमधल्या स्मृतिलेखांच्या नकला त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. फॅमिलीसर्च हे वंशावळींचं संकेतस्थळ फुकट आहे. कँटरबरी भागाच्या पॅरिश रजिस्टरांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या दुसऱ्या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतात. शोधताना ऑक्सेंडेन, ऑक्झिंडन, ऑक्सिंडेन अशी सगळी लेखनं टाकून पाहा, त्या काळी शुद्धलेखन ठरलेलं नव्हतं. अशा संकेतस्थळांवर इतरांनी चढवलेली झाडं, म्हणजे वंशवृक्ष, मी फक्त एका कामासाठी वापरते: त्यात कुठल्या मूळ कागदाचा उल्लेख आहे का, तेवढं पाहायचं. उल्लेख नसेल तर पुढे जायचं. पन्नास झाडांत एकच गोष्ट असली तरी ती पन्नास साक्षी नव्हेत, बहुधा एकाचीच नक्कल असते.

कंपनीचे कागद ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात आहेत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या इंग्लंडला पाठवलेल्या नकला मात्र १७०९ पासूनच्या आहेत, म्हणजे हेन्रीच्या पिढीला त्यांचा उपयोग नाही. त्याच्यासाठी वखारीची पत्रं आणि मृत्युपत्रंच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचं घर शोधणाऱ्यांना मात्र त्या नकला आणि सैन्यात भरती होतानाचे कॅडेटचे कागद फार कामाचे, कारण कॅडेटच्या कागदांत बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो आणि तिथून माणूस थेट इंग्लंडातल्या गावी पोहोचतो. आणि तुम्ही गुजरातेत जाऊ शकत असाल तर सुरतेला कतारगाम भागातल्या इंग्रज दफनभूमीत जाऊन या. सर जॉर्ज, मृत्यू १६६९, आणि त्यांचा भाऊ क्रिस्टोफर, मृत्यू १६५९, यांची घुमटांची भव्य कबर तिथे आहे. लेखाचे स्वच्छ फोटो काढा, तिरप्या उजेडात, आणि प्रत्येक अक्षर जसं आहे तसं उतरवून घ्या.

किती मागे जाता येईल हे शेवटी कागद किती उरले यावर आहे. १९२५ च्या जमीन कायद्यांनंतर मालकी सिद्ध करायला जुन्या दस्तांची गरज उरली नाही, तेव्हा वकिलांच्या कचेऱ्यांतून गाड्या भरून चर्मपत्रं बाहेर गेली. काही केंटमधल्या मेडस्टोनच्या दफ्तरखान्यासारख्या ठिकाणी पोहोचली, बरीच नष्ट झाली. घराणं कॅथलिक राहिलेलं असेल तर पॅरिश रजिस्टरांतही ते नीट दिसत नाही. ऑक्झेंडनांच्या बाबतीत सोळाव्या शतकापर्यंतच्या रेघा मृत्युपत्रं आणि व्हिजिटेशन एकमेकांशी ताडून पक्क्या करता येण्यासारख्या आहेत. पंधराव्या शतकात जमिनीचे दस्त हवेत. सॉलोमनपर्यंतचा टप्पा मी तुमच्या तक्त्यात तुटक रेघेनं दाखवीन.

पहिल्या बॅरोनेटचं आणि तिसऱ्याचं मृत्युपत्र आधी मागवा. अक्षर लागलं नाही तर अडलेली ओळ, तिच्या वरच्या आणि खालच्या दोन ओळींसकट, इथे टाका. एकच शब्द कापून टाकू नका, त्याच लेखनिकाची बाकीची अक्षरं समोर असल्याशिवाय तो वाचता येत नाही.